घोड्याची लीद काढायला अमेरिकेला जाऊ का?

प्रिय काका,
मी माण तालुक्यातल्या एका गावची. साताऱ्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय प्राणीशास्त्र. आमचं घर धनगराचं. आजोबांच्या वेळेला वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आमच्या तळाबरोबर, पाच तट्टं असायची, आता चुलत्याकडे दोन उरलीत. अमेरिकेत रानटी घोड्यांसाठी एक अभयारण्य आहे. तिथे विद्यार्थ्यांना तीन महिन्यांची इंटर्नशिप देतात. चारा, कुंपण, देखभाल, नोंदी असं काम. पगार नाही, राहण्याचे पैसे आपणच भरायचे. तिकीट, व्हिसा धरून साडेतीन लाखांच्या घरात जातं. मी अर्ज केला, व्हिडिओवर मुलाखत झाली, ते घ्यायला तयार आहेत. आण्णा म्हणतात, "घोड्याची लीद काढायला अमेरिकेला जायचं? चुलत्याकडं काय कमी पडलीय?" पण दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "तुझं मन असंल तर पंचवीस मेंढ्या काढू." आई काहीच बोलत नाही. मला पुढे घोड्यांचंच काहीतरी करायचंय. जाऊ का? आणि माझं इंग्रजी कच्चं आहे, त्याचं काय?
— एक विद्यार्थिनी, माण, जि. सातारा

पोरी,

आधी आण्णांच्या बोलण्याचं बघू, कारण तुझ्या पत्रात सगळ्यात खरं वाक्य तेच आहे. तिथे लीदच काढायची आहे. वाऱ्यावर उडणारी आयाळ, टेकडीवरून उधळत येणारा कळप हे जाहिरातीतलं. तीन महिन्यांत ते पाच-सहा वेळा दिसेल. उरलेले दिवस गवताच्या गाठी उचलणं, पाण्याची टाकी घासणं, तारेचं कुंपण चालत तपासणं आणि लीद. आण्णांना हे न शिकता कळतं, कारण त्यांचं आयुष्य जनावरामागे गेलंय. त्यांचा टोमणा मनाला लावून घेऊ नकोस.

पण लिदीला ते हलकं समजतात, तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही. आपल्याकडे याचं जरा विचित्रच आहे. माउलींची पालखी लोणंदहून पुढे निघते, तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, आणि अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं तुटून पडतात. त्याच घोड्याचं रात्री लीदपाणी करणाऱ्या मोतद्दाराला मात्र कोणी चहा विचारत नाही.

मी चौतीस वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत काढली, त्यातली बरीच माण-खटावात. पाळीव घोडा असेल तर मी त्याला धरतो, नाडी मोजतो, थर्मामीटर लावतो, डोळ्याची पापणी उलटून बघतो. रानात वाढलेल्या घोड्याच्या शंभर पावलांच्या आत गेलं की तो निघाला. धरायचा तर लोखंडी कठड्यात कोंडावा लागतो, आणि त्यात घोडाही जखमी होतो आणि माणूसही. मग तो बरा आहे का, हे कळायचं कसं? लिदीवरून. ज्या जनावराला हात लावता येत नाही, त्याचा रिपोर्ट जमिनीवर पडलेला असतो.

घोडा दिवसातून आठ-बारा वेळा लीद टाकतो. बारीक, कडक, कोरडे गोळे पडले तर पाणी कमी पडतंय. गोळ्यांवर चिकट शेंबूड असेल तर लीद आतड्यात रेंगाळतेय. सकाळपासून लीदच नाही, घोडा वळून पोटाकडे बघतोय, पुढच्या पायाने माती उकरतोय, म्हणजे पोटशूळ. तिथे वेळ घालवायचा नाही, कारण घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं, नाहीतर जीव जातो. गवताला बुरशी आली असेल तर गाठ कितीही महाग असो, बाजूला काढायची, ती याचसाठी. पाण्याच्या बादलीत थोडी लीद कालवून ठेवली आणि तळाशी वाळू बसली, तर चारा उघड्या जमिनीवर टाकला जातोय हे कळतं. लिदीतल्या हार्मोनवरून घोडी गाभण आहे का, हेही प्रयोगशाळेत सांगता येतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ॲसटीग बेटावर मोकळ्या फिरणाऱ्या घोड्यांवर हे करून बघितलेलं आहे. घोडीला हात न लावता.

आता ते घोडे तिथे आले कसे, हेही नीट समजून घे, कारण जाहिरातीत नुसतंच 'रानटी' म्हणतात. अमेरिकेतले मूळचे घोडे साधारण दहा हजार वर्षांपूर्वीच संपले. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजांतून परत आणले, त्यातले सुटले, मोकाट झाले, पुढे शेतकऱ्यांनी आणि लष्करानेही सोडून दिलेले त्यात मिसळले. त्यांना मस्टँग म्हणतात. म्हणजे ते पाळीव घोड्यांचेच वंशज. खरा रानघोडा म्हणावा असा मंगोलियातला तखी. तो १९६० च्या दशकात रानातून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्यांची पैदास करून १९९२ पासून त्याला पुन्हा मंगोलियाच्या माळावर सोडलं.

मस्टँगांची कत्तल थांबावी म्हणून अमेरिकेने १९७१ मध्ये कायदा केला. घोडे वाचले, आणि वाढले. माळ तेवढाच राहिला. पाऊस कमी, गवत विरळ, वर गुरांचीही चराई. आज तिथल्या सरकारी माळांवर ७० हजारांच्या वर घोडे आणि गाढवं आहेत. सरकार हेलिकॉप्टरने कळप हाकून पकडतं, काही दत्तक जातात, आणि ६० हजारांच्या आसपास सरकारी खर्चाने कुंपणात उभी असतात. त्यातल्याच ज्यांना कोणी नेत नाही अशांना खाजगी अभयारण्यं आसरा देतात. हे सगळं तुला नवीन वाटायला नको. माणच्या माळावर किती मेंढरं चरावीत आणि पाऊस लांबला की काय होतं, हे तुझ्या आजीला विचार.

म्हणून एखादं अभयारण्य चांगलं की नुसतं दुकान, हे ओळखायची पहिली खूण शिंगरू. जिथे दर वर्षी नवी शिंगरं दाखवून पैसे गोळा करतात, तिथून लांब राहा. आधीच घोडे जास्त झालेत म्हणून अभयारण्य काढायचं आणि तिथेच पैदास करायची, याला काय अर्थ? बऱ्याच ठिकाणी नर खच्ची केलेले असतात, किंवा घोडीला लांबून बंदुकीने लस टोचतात, तिने गर्भ राहत नाही. पण कुठल्या घोडीला कधी टोचलं याची वही चोख नसेल तर त्या लशीचा उपयोग शून्य. ती वही बहुतेक वेळा तुझ्यासारख्या पोरांच्याच हातात असते, आणि माझ्या मते या इंटर्नशिपमध्ये शिकण्यासारखं खरं काम तेच आहे.

त्या वहीसाठी घोडा ओळखता आला पाहिजे. चाळीस कुमेद, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोड्यांतून एक. रंगाने ते जमत नाही. कपाळावरचा पांढरा टिळा किती लांब, कुठला पाय कुठपर्यंत पांढरा, आणि केसांचा भोवरा कुठे. आपले जुने लोक घोडा घेताना भोवरे आणि पांढऱ्या खुणाच आधी बघायचे. देवमण नावाचा शुभ भोवरा आहे का, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी आहे का. त्यातलं शुभ-अशुभ तू सोडून दे. पण भोवरा म्हणजे माणसाच्या बोटाच्या ठशासारखा, तो जन्मभर बदलत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. परदेशात घोड्याच्या ओळखपत्रावर आजही भोवऱ्यांच्या जागा काढून दाखवतात. ही विद्या तुझ्या घरात आहे. चुलत्याला विचारून बघ, तासभर बोलेल.

आता मुद्द्याचं. या उन्हाळ्यात जाऊ नकोस.

पंचवीस मेंढ्या म्हणजे नुसते साडेतीन लाख नव्हेत. त्या पुढच्या वर्षी विणार, त्यांची कोकरं, लोकर, शेतात बसवलेल्या कळपाचं खत, ते सगळं त्यांच्याबरोबर जाणार. आण्णांनी एका रात्रीत 'नाही'चं 'काढू' केलं, ते तुझ्यावरच्या मायेने. हिशोबाने बघितलं तर ते परवडणारं नाही. बिनपगारी काम करायला घरचं भांडवल मोडू नये. कर्जही काढू नये. राहायला-जेवायला देऊन काम घेणारी ठिकाणंही जगात आहेत, काही जण थोडा हातखर्चही देतात. तशी जागा मिळवायची तर अर्जात लिहायला काहीतरी हवं. 'मला घोडे फार आवडतात' हे अर्ज करणारा प्रत्येक जण लिहितो.

ते 'काहीतरी' तुझ्या चुलत्याच्या वाड्यावर उभं आहे. धनगराची ती तट्टं म्हणजे भीमथडी. मराठ्यांच्या फौजा ज्या दख्खनी तट्टांवर फिरल्या त्यांचा वंश. स्वतंत्र जात म्हणून तिची राष्ट्रीय पातळीवर नोंद अलीकडे कुठे झाली. दिवाळीनंतर वाडा निघतो तेव्हा पाठीवर भांडीकुंडी, मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर, वर कोकरू आणि खुराड्यातल्या कोंबड्या घेऊन ते तट्टू दिवसाला किती कोस चालतं, काय खातं, रात्री कसं उभं राहतं, याची रोजच्या रोज वही कोणी लिहिली असेल असं मला वाटत नाही. तू लिही.

कशी लिहायची ते सांगतो. पहिला महिना हात लावायचा नाही. तुला त्यांची सवय आहे, तू सरळ जाऊन मानेवर हात ठेवशील, म्हणून मुद्दाम सांगतोय. रोज दोन तास लांब बसायचं. कान कुठे वळले, पाण्यावर आधी कोण गेलं, कोणी कोणाला नुसत्या मानेच्या झटक्याने हटवलं. बघायला माणूस बसलंय हे ते कधी विसरतात, तेही लिही. रानातल्या कळपात नर दिसायला राजा असतो, पण पाण्याकडे कधी निघायचं हे बरेचदा एखादी वयस्क घोडी ठरवते. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि दोनच तट्टांत कोण कोणाचं ऐकतं हे स्वतः बघणं वेगळं.

माझी गोष्ट सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष, म्हसवडकडच्या माळावर एक वाडा उतरला होता. घोडीला धनुर्वाताची लस द्यायची होती. हातात सिरिंज, डोळे घोडीवर, मी तरातरा चालत गेलो. तिने वळून मांडीवर अशी लाथ दिली की मी सिरिंजसकट घाणेरीच्या झुडपात. म्हातारा धनगर हसला नाही. मला उठवून बसवलं, पाणी दिलं, मग म्हणाला, "सायेब, तुमी तिच्या डोळ्यात बघत सरळ गेलासा. लांडगाबी तसाच येतो की." त्यानंतर मी घोड्याकडे कधी सरळ गेलो नाही. तिरकं जायचं, खांदा पुढे, नजर खाली, कान वळला की थांबायचं, मान खाली गेली की पुढे. तिकडे हेच पैसे घेऊन शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. पण आधी येत असेल तर तुझे तीन महिने पुढच्या इयत्तेत जातील.

दुसरं काम तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं. घोडा लीद टाकतो तेव्हाच वरचा, मातीला न लागलेला गोळा पिशवीत घे. मिठाच्या संपृक्त पाण्यात कालव, गाळ, जंतांची अंडी मोजायच्या मॅकमास्टर स्लाइडमध्ये भर आणि पाच-दहा मिनिटं थांब. ती अंडी त्या खारट पाण्यापेक्षा हलकी, वर तरंगतात. मग मोजायची. दर महिन्याला दोन तट्टं, जमलं तर शेजारच्या वाड्यावरची चार. कळपातल्या थोड्याच घोड्यांच्या लिदीत बहुतेक अंडी सापडतात, हे तुझं तुला दिसेल. म्हणूनच सरसकट सगळ्यांना जंताचं औषध पाजत सुटू नये, औषध बोथट होतं. अडलीस तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, साताऱ्याहून दीड तासावर. परजीवीशास्त्र विभागात जा, नमुने घेऊन जा. हातात पिशवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मास्तर सहसा परत पाठवत नाहीत.

तिथे गेलीस की आणखी एक गोष्ट डोळ्यांनी बघून ये, ती म्हणजे तुला व्हायचंय काय. 'घोड्यांचंच काहीतरी' हे अजून धुक्यात आहे. घोड्यांवर उपचार करायचे असतील तर बी.एस्सी.ची वाट तिकडे जात नाही. 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, पुन्हा पहिल्या वर्षापासून, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. रानातल्या जनावरांचा अभ्यास करायचा असेल तर पदवी पूर्ण कर आणि वन्यजीवशास्त्राच्या एम.एस्सी.कडे बघ, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत प्रवेश परीक्षेतून घेतात. मग घोड्यासाठी अमेरिकाच कशाला? कच्छच्या छोट्या रणात रानगाढव आहे, खूर म्हणतात त्याला, ते तर अस्सल रानटी. आसामात दिब्रू-सैखोवाला दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घोड्यांचे वंशज ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर मोकाट फिरतात, दर पुरात जीव मुठीत धरून. आणि परदेशच बघायचा असेल, तर तसं स्वतःशी कबूल कर. त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला घोड्याचं खोगीर घालू नकोस.

आईचं न बोलणंही मला वाचता येतं. तीन महिने, कोणाच्या ओळखीचं नाही अशा माळावर पोरगी. तिने विचारायच्या आधी तूच संस्थेला विचार आणि उत्तरं लेखी घे. मुलींची झोपायची सोय वेगळी आहे का, फोन लागतो का, दवाखाना किती अंतरावर, अपघात झाला तर विमा कोणाचा, आठवड्यात किती तास काम आणि सुट्टी कधी. गेल्या वर्षी काम करून गेलेल्या दोन मुलींशी बोलायचंय म्हण. संस्था चांगली असेल तर नंबर देईल. आणि व्हिसा कुठल्या प्रकारचा, हे त्यांनी कागदावर लिहून द्यायला हवं. 'टुरिस्ट म्हणून या, विमानतळावर कामाचं बोलू नका' असं कोणी म्हणालं तर तो विषय तिथेच संपव. परत पाठवलेल्या माणसाला पुढचा व्हिसा मिळायला फार जड जातं. मला वाटतं, या वर्षीच्या संस्थेला तू सरळ लिही की पुढच्या वर्षी यायचंय, मधल्या काळात मी हे-हे करतेय. त्यावर ते काय उत्तर देतात, त्यावरून माणसं कळतील.

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र आत्ताच घेऊन टाक. त्याचे जंतू लिदीत आणि मातीत असतात, तारेचा एक ओरखडा पुरतो. आणि तट्टाच्या नाकातून घट्ट, चिकट स्राव येताना दिसला, अंगावर गाठी-फोडं दिसली, तर हात न लावता जवळच्या सरकारी दवाखान्यात कळव. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो आणि तो साधा आजार नाही.

पुढे कधी निघालीस तर वाड्यावरचे बूट घरी ठेवून जा, किंवा घासून, जंतुनाशकाने धुऊन, वाळवून ने. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, अमेरिकेत १९२९ नंतर झालेला नाही, आणि तो परत येऊ नये म्हणून ते विमानतळावर तुला विचारणारच, गुराढोरांत होतीस का. 'हो' म्हणायचं. खरं बोललं की बूट तपासतात आणि सोडतात.

इंग्रजीचं म्हणशील तर तिथे भाषण करायचं नसतं. वॉकी-टॉकीवर सांगावं लागतं की अमुक घोडी, अमुक कुंपणापाशी, मागच्या डाव्या पायाने लंगडतेय, सकाळपासून लीद टाकलेली नाही. आजपासून वहीचं उजवं पान मराठीत लिही आणि डावं इंग्रजीत. चुका होऊ देत. चुलत्याच्या घोडीचा भोवरा कुठे आहे, हे पहिल्या पानावर असू दे.